नवं पोर्टल, नवा पॅनेल, नवी लिंक: शिक्षकाने तंत्रज्ञानाशी मेळ कसा घालायचा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर चार-पाच लिंका येऊन पडतात. २०१५ मध्ये सरल (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीचं राज्याचं पोर्टल) आलं, २०१७ मध्ये दीक्षा (डिजिटल पाठांचं आणि शिक्षक-प्रशिक्षणाचं ॲप), २०२० मध्ये कोरोनामुळे ऑनलाइन वर्ग, २०२३ च्या अखेरीस चॅटबॉटवरची हजेरी. त्याच सुमाराला चॅटजीपीटीने लिहिलेले निबंध मुलांच्या वह्यांत दिसू लागले. यातल्या बहुतेक गोष्टींचं प्रशिक्षण झालं, निदान तसं कागदावर दिसतं. तरी दर वर्षी गोंधळ नव्याने सुरू होतो, कारण दोन अगदी वेगळी कामं आपण ‘तंत्रज्ञान’ नावाच्या एकाच गोणीत भरतो. एक काम शासनाला माहिती देण्याचं, दुसरं मुलांना शिकवण्याचं. पहिल्यात तुम्हाला निवड नाही. तिथून बिनचूक आणि कमीत कमी वेळात मोकळं व्हायचं. दुसऱ्यात निवड बहुतांशी तुमच्या हातात असते, आणि वाचवलेला वेळ तिकडे लावायचा. पुढची सगळी मांडणी या वाटणीवर उभी आहे. ती मुख्यतः जिल्हा परिषद आणि अनुदानित मराठी शाळांना धरून केली आहे. इतरांना आपापल्या पोर्टलची नावं घालून ती वापरता येईल.

आधी पाहा: खरंच कुणी काय मागितलंय?

‘आजच भरा, अन्यथा वेतन थांबेल’ अशा मजकुराचे निम्मे संदेश कुठल्याही लेखी आदेशाशिवाय फिरत असतात. काम सुरू करण्याआधी आदेश शोधा. शासन निर्णय (जीआर) असेल तर तो राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर सापडतो आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात अठरा अंकी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. संदेशात ‘कालचा जीआर’ म्हटलंय आणि संकेतांक दोन वर्षांपूर्वीचा दिसतोय, तर तुमच्या हातात जुना कागद आहे. आयुक्तालयाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पत्राला असा संकेतांक नसतो. तिथे जावक क्रमांक, तारीख आणि सही पाहायची.

आदेश मिळाला की शाळेच्या एका वहीत पाच रकाने आखा: काय भरायचं, कुठे भरायचं, कुणी भरायचं, शेवटची तारीख, भरल्याचा पुरावा. ही वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहील, कुणाच्या घरी जाणार नाही. दोन महिन्यांत तिच्यात एक गोष्ट दिसू लागते: तीच पटसंख्या, तीच जातनिहाय आकडेवारी, त्याच शौचालयांची संख्या तीन ठिकाणी मागितली जाते. ते थांबवणं शिक्षकाच्या हातात नाही. पण तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे जाऊ नयेत एवढं नक्की हातात आहे, आणि चौकशी लागते ती नेमकी तिथेच.

खाती आणि ओटीपी: सगळ्यात जास्त दिवस इथे वाया जातात

शाळेचं लॉगिन मुख्याध्यापकांच्या खासगी मोबाइलला जोडलेलं असतं. त्यांची बदली होते किंवा ते निवृत्त होतात, ओटीपी त्यांच्या फोनवर जात राहतो, आणि नवे प्रभारी फोन करून ‘सर, आलेला नंबर सांगता का’ म्हणत बसतात. समोरचा लग्नात असला की त्या दिवसाचं काम बुडालं.

यावर उपाय स्वस्त आहे. शाळेच्या नावाने एक स्वतंत्र सिमकार्ड आणि एक ईमेल खातं ठेवा. ईमेलच्या नावात व्यक्तीचं नाव नको. शाळेचं नाव किंवा यूडायस क्रमांक (देशभरच्या शाळांच्या नोंदीतला शाळेचा क्रमांक) घाला. हा क्रमांक ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने, गोव्यात ३० ने सुरू होतो. बहुतेक पोर्टलचं वापरकर्ता नावही तोच असतो. सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून शाळेतच ठेवा आणि रिचार्जची तारीख त्या वहीत लिहा. सिम बरेच दिवस बंद राहिलं तर कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. मग शाळेचे ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाकडे जातात.

पासवर्ड भिंतीवरच्या तक्त्यावर लिहू नका आणि गटावर पाठवू नका. एका कागदावर लिहून पाकीट बंद करा, त्यावर सही-तारीख घाला आणि कपाटात ठेवा. पासवर्ड बदलला की पाकीटही बदला. बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत कपाट, खुर्च्या आणि कीर्द यांच्याबरोबर ‘पोर्टलची खाती’ हा मुद्दा घाला: पोर्टलचं नाव, वापरकर्ता नाव, जोडलेला मोबाइल, जोडलेला ईमेल. नंबर बदलण्याचं काम जुने मुख्याध्यापक कार्यमुक्त होण्याआधी, दोघं समोरासमोर बसून उरका. नंतर तेच करायला तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे अर्ज, तिथून जिल्ह्याला विनंती, असा प्रवास होतो.

एकच मूळ तक्ता

प्रत्येक पोर्टलवर नाव पुन्हा हाताने टाइप करणं हे चुकांचं मूळ. शाळेचा एकच एक्सेल तक्ता तयार करा: एका ओळीत एक मूल. रकाने असे: जनरल रजिस्टर (प्रवेशाची मूळ नोंदवही) क्रमांक, मराठी नाव, आधारवर आहे तसं इंग्रजी नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सरल क्रमांक, पेन (यूडायसवरचा मुलाचा कायमचा क्रमांक), अपार (आधारशी जोडलेला शैक्षणिक ओळख क्रमांक), आधारचे शेवटचे चार अंक, पालकाचा मोबाइल. पूर्ण आधार क्रमांक या तक्त्यात ठेवूच नका. लागेल तेव्हा कागदावरून पाहा.

एक्सेलच्या तीन खोड्या ठाऊक असू द्या. पहिली: बारा अंकी क्रमांक साध्या रकान्यात टाकला की तो १.२३ई+११ असा दिसू लागतो. दुसरी, जास्त घातक: १५ अंकांपेक्षा मोठा क्रमांक असेल तर पंधराव्या अंकापुढचे सगळे अंक शून्य होतात, आणि एकदा फाइल जतन झाली की ते परत येत नाहीत. म्हणून क्रमांकाचे रकाने भरण्याआधी निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. आधी भरून मग प्रकार बदलून उपयोग नाही. तिसरी खोडी तारखेची. संगणक अमेरिकी मांडणीवर असला तर ०५/०८ ही ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते, आणि १२ तारखेनंतरच्या तारखा मात्र बरोबर दिसत असल्याने चूक महिनोन्‌महिने लपून राहते. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत करून घ्या आणि तारखेचा रकाना दिवस-महिना-वर्ष असा ठरवून टाका.

अपार किंवा आधार पडताळणी अडते ती जवळजवळ नेहमी तीन गोष्टींवर: नावाचं इंग्रजी स्पेलिंग, मधल्या नावाचा क्रम, आणि आधारवर टाकलेली १ जानेवारी ही ठोकळ जन्मतारीख. अशा वेळी पोर्टलवर दहा प्रकारे नाव घालून पाहण्याआधी कागद बघा. जनरल रजिस्टर आणि जन्मदाखला जुळत असतील तर चूक आधारची. पालकांना जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर पाठवा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते आणि नाव दोनदा, तेव्हा अर्जातलं स्पेलिंग तुम्ही स्वतः कागदावर लिहून द्या. केंद्रचालकाच्या अंदाजावर सोडू नका. रजिस्टरच चुकलं असेल तर त्यात परस्पर खाडाखोड करायची नाही. दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीची वाट आहे, तीच धरा. पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाचे बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. म्हणजे पहिलीची आणि नववी-दहावीची यादी जूनमध्येच वेगळी काढा. संचमान्यतेला (शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणाऱ्या मंजुरीला) ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार वैध मुलांची संख्या पाहिली जाऊ लागली आहे, त्यामुळे हे काम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ढकललं तर त्याची किंमत शिक्षकाच्या एका पदाएवढी असू शकते.

भरताना प्रत्येक पानावर ‘सेव्ह’ दाबा. बरीच पोर्टलं काही मिनिटं हालचाल नसली की बाहेर काढतात. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी काम संपवा. ‘फायनल सबमिट’ झाल्यावर तारीख-वेळ दिसेल असं छायाचित्र घेऊन वहीत नोंद करा. प्रिंटचं बटण दाबून काहीच घडत नसेल तर ब्राउझरने पॉपअप अडवलेला असतो. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे त्याचं चिन्ह येतं, तिथून परवानगी द्या.

वर्गातला पॅनेल: वीज, धूळ आणि अक्षराचा आकार

आता शिकवण्याकडे. पॅनेल, म्हणजे स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा, बहुधा ६५ किंवा ७५ इंचांचा येतो, फीत कापली जाते, आणि पावसाळ्यात तो कापडाखाली जातो. कारण बहुतेक वेळा शिक्षकाची अनिच्छा नसतं, वीज असते.

इन्व्हर्टर पुरेल का, याचा हिशोब स्वतः करा. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. ६५ इंचांच्या पॅनेलला साधारण २०० धरा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॉट-तास असतात. त्यातले निम्मेच वापरायचे म्हटलं (जास्त उपसली तर बॅटरी लवकर मरते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो) तर ९०० उरतात. म्हणजे साडेचार तास. त्यावर दोन पंखे आणि ऑफिसचा संगणक लावला की दोन-अडीच. पॅनेलसाठी वेगळं सॉकेट, नीट अर्थिंग आणि व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर, एवढं गावच्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि नेटची केबलही काढा. वीज पडते तेव्हा बिघाड पुष्कळदा नेटच्या केबलमधून येतो.

स्पर्श आपोआप होतोय, रेघा भलतीकडे उमटताहेत, अशी तक्रार आली की आधी कंपनीला फोन नको. बहुतेक पॅनेलांच्या चौकटीत अदृश्य किरणांची जाळी असते. बोट मध्ये आलं की किरण अडतात आणि स्पर्श कळतो. चौकटीच्या खालच्या कडेत खडूची भुकटी साठली, कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं किंवा खिडकीतून थेट ऊन पडलं, तरी किरण अडतात. कोरड्या मऊ कापडाने चारही कडा पुसा, खिडकीला पडदा लावा, पॅनेल बंद करून चालू करा. यात बहुतेक तक्रारी मिटतात. खडूचा फळा पॅनेलच्या अगदी शेजारी असेल तर दोघांत चार-पाच फूट अंतर ठेवा. फळा काढून मात्र टाकू नका. गणितात आधीची पायरी डोळ्यांसमोर राहावी लागते, आणि पॅनेलवर पान उलटलं की ती जाते.

अक्षर किती मोठं हवं? पाहण्याच्या अंतराचा दोनशेवा भाग हा चांगला ठोकताळा. शेवटचा बाक सहा मीटरवर असेल तर अक्षर तीन सेंटिमीटर उंच हवं. ६५ इंची पॅनेलची उंची साधारण ८० सेंटिमीटर. मराठीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीला दुप्पट जागा लागते, म्हणून एका पानावर आठ-दहा ओळींपेक्षा जास्त नको. पॉवरपॉइंटमध्ये याचा अर्थ: ३२ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. पुस्तकाच्या पानाचा पीडीएफ तसाच पॅनेलवर लावला तर मागची मुलं वाचत नाहीत, वाचल्याचा अभिनय करतात. पीडीएफ लावायचाच असेल तर एकेक परिच्छेद मोठा करून दाखवा.

नेटवर भरवसा ठेवून तास आखू नका. दीक्षावरचा घटक आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून घ्या. व्हिडिओ पेनड्राइव्हवर न्यायचा तर दोन गोष्टी पाहा. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. एनटीएफएस केला तर काही जुने टीव्ही तो ओळखतच नाहीत. आणि आवाज येतो पण चित्र येत नाही, असं झालं तर व्हिडिओ बहुधा एच.२६५ प्रकारचा आहे. तो एच.२६४ एमपी४ करून घ्या, तो जवळपास सगळीकडे चालतो. फोनचा पडदा टीव्हीवर घेताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ आधी लावा. घरच्या गटावरचा संदेश चाळीस मुलांसमोर उमटणं टाळता येण्यासारखं आहे.

अक्षरं तुटतात तेव्हा

जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी, कृतीदेव किंवा सुरेख फाँटात असतात. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फाँटांत मराठी अक्षर म्हणून साठवलेलं मुळात रोमन अक्षरच असतं. फाँट शोधत फिरण्यापेक्षा एकदा रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या पद्धतीत) आणा. त्यानंतर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा; रूपांतरक हमखास चुकतो तो इथेच. पुढे नवं काही जुन्या फाँटात टाइप करायचं नाही, असा शाळेत ठराव करून टाका. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला पंधरा दिवस रोज अर्धा तास पुरतो, आणि तो विंडोज, लिनक्स, फोन सगळीकडे एकसारखा असतो.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी आणखी एक पाहावं. संगणकावरच्या पुष्कळ फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला आहे. पुस्तकात एक, पॅनेलवर दुसरा, असं झालं की नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल अडखळतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा किंवा मुक्त फाँटांतला मुक्ता वापरा. मुक्तामध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय मराठी वळण येत नाही, आणि नेमकं तेवढंच करायचं राहून जातं. फाइल दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल तर पीडीएफ करून न्या.

एका सत्रात एकच नवं साधन

प्रत्येक प्रशिक्षणातून दहा ॲपची यादी मिळते. त्यातलं एक उचला आणि दिवाळीपर्यंत तेवढंच वापरा. निवडताना चार प्रश्न विचारा. तासाच्या सुरुवातीला ते पाच मिनिटांत उभं राहतं का? मुलांच्या हाताला किंवा डोक्याला काही काम मिळतं का, की नुसतं पाहायचं? एकाच फोनवर भागतं का? ते बंद पडलं तर तोच घटक फळ्यावर शिकवता येईल का? चारपैकी तीन उत्तरं ‘हो’ नसतील तर सोडून द्या, वरिष्ठांनी कितीही कौतुक केलं तरी.

या कसोटीला उतरणारं एक उदाहरण जवळून पाहू: प्लिकर्सची कार्डं. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं कागदी कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजूंवर ए, बी, सी, डी असे चार पर्याय. प्रश्नाचं उत्तर ‘बी’ वाटलं तर बीची बाजू वर धरायची. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणाचं काय उत्तर आलं ते फोनवर दिसतं. प्रत्येक नक्षी वेगळी असल्याने शेजारच्याचं पाहून कॉपी होत नाही.

तयारी अशी. संकेतस्थळावर खातं उघडून वर्ग तयार करा. मुलांची पूर्ण नावं न घालता हजेरी क्रमांक घाला. कार्डांचा संच संकेतस्थळावरून मोफत उतरतो. तो जाड कागदावर छापा, म्हणजे कार्डं वाकत नाहीत. हजेरी क्रमांक आणि कार्ड क्रमांक एकच ठेवा. प्रश्न देवनागरीत लिहिता येतात. पहिल्या दिवशी अभ्यासाचा प्रश्न नको. ‘आज डब्यात काय?’ असं विचारून कार्ड धरायचा सराव घ्या.

बिघडतं कुठे? कार्डं टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन केलं की ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. मॅट लॅमिनेशन करा किंवा करूच नका. मुलं कार्ड मधोमध धरतात आणि बोटांनी नक्षी झाकतात. कडेला धरायला शिकवा. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात. तुम्ही खिडकीच्या बाजूला उभे राहा. तिसरी-चौथीत काही मुलं कार्ड फिरवताना स्वतःकडून डावं-उजवं करतात, म्हणून मागच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढून द्या. फोनला नेट लागतं, पण थोडंच, हॉटस्पॉटवर भागतं.

प्रश्न कसे घालायचे यावर या साधनाचा सगळा उपयोग अवलंबून आहे. ‘१/२ + १/३ = ?’ याला पर्याय २/५, ५/६, १/५, २/६ असे द्या. २/५ निवडणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय, १/५ वाल्याने फक्त छेदांची बेरीज केली, २/६ वाल्याने छेद सारखे केले पण अंश बदलले नाहीत. चुकीचा प्रत्येक पर्याय एक विशिष्ट गैरसमज दाखवतो. उत्तरं पाहून त्याच मिनिटाला मुलांचे गट पाडता येतात, आणि वह्या तपासून दोन दिवसांनी कळणारी गोष्ट तासातच कळते.

महिन्याने स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे साधन नसतं तर मुलांबद्दल मला काय कळलं नसतं? उत्तर सुचत नसेल तर साधन बंद. दिवाळीनंतर दुसरं.

प्रशिक्षण कसं पदरात पाडायचं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं सातत्यपूर्ण प्रशिक्षण धरलं आहे, आणि त्यातलं बरंचसं दीक्षावरच्या निष्ठासारख्या अभ्यासक्रमांतून होतं. तिथे वेळ खाणाऱ्या अडचणी ठरलेल्या आहेत. एकाच शिक्षकाची दोन खाती असतात, एक मोबाइलवर उघडलेलं, एक ईमेलवर. निम्मी प्रगती इकडे, निम्मी तिकडे. एक खातं ठरवा आणि तेच वहीत लिहा. प्रमाणपत्रावर प्रोफाइलमधलं नाव छापून येतं, म्हणून अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्याआधी ते सेवापुस्तकातल्या नावाशी जुळवा. ॲपवर व्हिडिओ पाहूनही प्रगती ९२ टक्क्यांवर अडकली तर अभ्यासक्रमाच्या पानावरच्या तीन ठिपक्यांत प्रगती समक्रमित करण्याचा पर्याय आहे. नेट चालू ठेवून तो दाबा. तरीही हलत नसेल तर न उघडलेला एखादा पीडीएफ राहिलेला असतो. चाचणीला साधारण ७० टक्के लागतात आणि प्रयत्न मोजकेच मिळतात, म्हणून उत्तरं ‘फॉरवर्ड’ मागवण्यापेक्षा घटक वाचणं स्वस्त पडतं. प्रमाणपत्र आलं की पीडीएफ उतरवून शाळेच्या ईमेलवर पाठवून ठेवा. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वेतनश्रेणीच्या वेळी शोधाशोध होत नाही.

खरं शिकणं मात्र केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत होऊ शकतं, ती नुसत्या सूचना वाचण्यात संपली नाही तर. केंद्रप्रमुखांकडे वीस मिनिटं मागा. एका शिक्षकाने एकच गोष्ट करून दाखवायची, आणि दाखवताना फोन शिकणाऱ्याच्या हातात हवा, दाखवणाऱ्याच्या नव्हे. ज्येष्ठ शिक्षक मागे पडतात याचं मुख्य कारण वय नसतं. तरुण सहकारी ‘द्या बाई, मी करून देतो’ म्हणून फोन काढून घेतात, हे असतं. पायऱ्या मराठीत, आपल्या हाताने वहीत लिहून घ्या. पडद्यावरचा इंग्रजी शब्द दिसतो तसा देवनागरीत लिहिला तरी चालतो. पोर्टलचा रंगरूप बदलला तरी ‘लॉगिन, वर्ग निवड, मूल निवड, भर, जतन, अंतिम’ हा क्रम फारसा बदलत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता: मदतनीस, पण मराठी कच्चं

चॅटजीपीटी किंवा जेमिनायकडून शाब्दिक उदाहरणं, सोप्या भाषेतला उतारा, तीन काठिण्यपातळ्यांची कार्यपत्रिका सहज मिळते. मागताना इयत्ता, घटक, संख्येची मर्यादा, संदर्भ आणि संख्या सांगा: ‘इयत्ता पाचवी, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, छेद १२ पर्यंत, बाजार आणि शेतीचे संदर्भ, सहा उदाहरणं, शेवटी उत्तरं.’ नुसतं ‘अपूर्णांकांवर प्रश्न दे’ म्हटलं तर भलतंच हाती येतं.

मिळालेलं जसंच्या तसं छापू नका. त्याचं मराठी हिंदीकडे घसरतं: छेदाला ‘हर’, परिमितीला ‘परिमाप’, लसाविला ‘लघुत्तम समापवर्त्य’. बालभारतीच्या पुस्तकातली संज्ञा हीच प्रमाण; पुस्तक शेजारी उघडं ठेवून शब्द बदला. उत्तरं स्वतः सोडवून पाहा, कारण आत्मविश्वासाने दिलेलं चुकीचं उत्तर ही या साधनाची खोड आहे. स्थानिक इतिहास, किल्ले, नद्यांचे उगम विचारले तर पडताळल्याशिवाय एक ओळही घेऊ नका.

मुलांनी निबंध यंत्राकडून लिहून आणला, हे ओळखून देणारी ॲप भरवशाची नाहीत. त्यांच्या जोरावर मुलावर आळ घेऊ नका. गृहपाठच बदला. ‘पावसाळा’ या विषयाऐवजी ‘आपल्या गल्लीत गेल्या आठवड्यात पाणी कुठे तुंबलं, का, दोन शेजाऱ्यांना विचारून लिहा’ असं द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दोन मिनिटं बोलायला लावा. यंत्राला गल्ली माहीत नसते.

मुलांची माहिती आणि वर्षअखेरची साफसफाई

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याची माहिती वापरताना पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीवर भर आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळीच एका पानाची मराठी संमती घ्या: छायाचित्र कशासाठी, कोणत्या ॲपवर कोणती माहिती, संमती मागे कशी घ्यायची. शिष्यवृत्तीची यादी, आधारच्या प्रती, दिव्यांगत्वाचे दाखले गटावर टाकू नका. ‘फक्त पाच मिनिटं ठेवतो’ म्हणून टाकलेली फाइल चाळीस फोनांत आपोआप उतरते. मुलांची नावं, गुण किंवा घरची परिस्थिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमध्ये भरू नका. प्रगतिपुस्तकातल्या नोंदीसाठी मदत हवी तर ‘एक विद्यार्थी’ म्हणा.

गटावर आलेली एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल), शासकीय चिन्ह असलं तरी, उघडायची नाही. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि बनवणाऱ्याचं नाव पाहा. ‘पोर्टल दुरुस्त करून देतो’ म्हणत फोनचा ताबा देणारं ॲप टाकायला सांगणारा माणूस तुमच्या बँकेसाठी आलेला असतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार राखून ठेवा. वापरात नसलेल्या ॲपमधले वर्ग आणि मुलांच्या नोंदी आधी हटवा, मगच ॲप काढा. नुसतं ॲप काढलं तर माहिती त्यांच्या सर्व्हरवर तशीच राहते. खासगी फोनमधली मुलांची छायाचित्रं आणि कागदपत्रांचे फोटो शाळेच्या संगणकावर हलवून फोनमधून पुसा, ‘अलीकडे हटवलेले’ या कप्प्यातूनही. मूळ तक्त्याची प्रत दोन पेनड्राइव्हवर घ्या आणि फाइलला पासवर्ड लावा. चौथी, सातवी किंवा दहावी संपवून गेलेल्या मुलांच्या ओळी वेगळ्या पानावर न्या. पॅनेलचा प्लग काढा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घाला, आणि सिमचं रिचार्ज १५ जूनच्या पुढे जाईल असं बघा.